कोअर शॉपमधून दिसणारी इलेक्ट्रिक गाडी

कोल्हापुरात इंजिनाची सद्दी विजेने एकदा संपवलेली आहे. विहिरीवरचा पंप ऑइल इंजिनावर चालायचा त्या काळात ती इंजिनं उद्यमनगरात घडायची. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं इथल्या कारखानदारीत आजही आदराने घेतली जातात ती त्याच परंपरेमुळे. पुढे खेडोपाडी वीज पोचली, विहिरीवर मोटार बसली आणि ऑइल इंजिनाची मागणी ओसरत गेली. पण भट्ट्या राहिल्या, ओतकाम जाणणारी माणसं राहिली. साचे बदलले, गिऱ्हाईक बदललं. पंपाच्या इंजिनाऐवजी ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारींचे भाग ओतायला लागून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्या वाढल्या.

त्यामुळे इलेक्ट्रिक गाड्या आल्या की इथल्या भट्ट्या थंड पडणार, असं कुणी म्हणालं की मी लगेच मान डोलावत नाही. मी धातुतज्ज्ञ आहे. कास्टिंग का फसलं हे शोधून सांगणं हा माझा धंदा. सवय अशी लागली आहे की ‘सगळं रिजेक्शन’ हे उत्तर मी स्वीकारतच नाही. कुठला पार्ट, कुठल्या जागी, किती टक्के, ते आधी सांगा.

तर जाणारे पार्ट कोणते? सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, क्लचची प्रेशर प्लेट. नुसत्या बॅटरीवरच्या गाडीत यातलं काही नसतं. राहणारे कोणते? स्टिअरिंग नकल, हब, ब्रेक कॅलिपर, ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे आर्म. बॅटरीमुळे गाडी तिच्या पेट्रोलवाल्या बहिणीपेक्षा दीडदोनशे किलो, कधी त्याहून जास्त, जड होते, त्यामुळे या भागांवरचा भार वाढतो, कमी होत नाही. ब्रेकची गोष्ट तर गमतीची आहे. इलेक्ट्रिक गाडीचा वेग बराचसा मोटारच उलटी वापरून उतरवला जातो, त्यामुळे डिस्क फारशी झिजत नाही, उलट न वापरल्याने गंजते. फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4 या गाड्यांच्या मागच्या चाकांना पुन्हा बंद ड्रम बसवले. जुनाट म्हणून हिणवलेला ब्रेक ड्रम सर्वांत आधुनिक गाडीखाली परत आलेला पाहून आमच्याकडे काही जणांना गुदगुल्या झाल्या. मात्र झीज कमी म्हणजे बदलीच्या डिस्कचा बाजारही कमी, हे त्यात विसरायचं नाही.

खरा पेच मोटारीच्या कवचात आहे. ते अॅल्युमिनियमचं असतं. बिड ओततात 1400 अंशांच्या आसपास, अॅल्युमिनियम 700 च्या. बिडाची घनता 7.2, अॅल्युमिनियमची 2.7. भट्टी वेगळी, साचा वेगळा, दोष वेगळे. बिडात वाळू आणि कार्बनशी झगडायचं, अॅल्युमिनियममध्ये हायड्रोजनशी. बिडाची फाउंड्री उद्या सकाळी अॅल्युमिनियम ओतू लागेल असं भाषणात म्हणायला सोपं आहे.

पण एक दुवा आहे, आणि तो परिषदांमध्ये मला क्वचितच ऐकू येतो. मोटार तापते, म्हणून पुष्कळ मोटारींच्या कवचात पाणी फिरवणारी पोकळी ठेवावी लागते. अशी पोकळी कास्टिंगमध्ये काढायची तर आत वाळूचा कोअर हवा. सिलिंडर हेडच्या वॉटर जॅकेटचा कोअर ज्यांनी केला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. चारपाच मिलिमीटर जाडीचा, वाकड्या अंगाचा, ओतताना न मोडणारा आणि नंतर सगळा झडून बाहेर येणारा कोअर करणं ही या धंद्यातली अवघड कला आहे. कोअरमधून गॅस कुठून बाहेर काढायचा, कोटिंग किती द्यायचं, हे कोअर शॉपमधल्या अनुभवी बायका हाताने सांगतात. लो प्रेशर पद्धतीने ओतलेल्या कवचात असाच कोअर लागतो. हाय प्रेशर डाय-कास्टिंगमध्ये मात्र वाळूचा कोअर तो दाब सोसत नाही. तिथे दोन तुकडे ओतून जोडतात. म्हणजे कोल्हापूरचं कसब पुढे चालणार की नाही हे कोणती पद्धत रूढ होते यावरही ठरेल. माझ्या मते इथल्यांनी हाय प्रेशरच्या शर्यतीत उतरूच नये. ती अवाढव्य मशीनं चाकण आणि होसूरच्या मोठ्या भांडवलाची.

आता राजकारण. 2025 च्या मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के कर जाहीर झाला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. एप्रिलअखेर मंत्रिमंडळाने इलेक्ट्रिक गाड्यांचं नवं धोरण मंजूर केलं, 1,993 कोटींचं. ऑगस्टमध्ये अटल सेतूपासून या गाड्यांची टोलमाफी सुरू झाली. सप्टेंबरमध्ये केंद्राने छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणला, इलेक्ट्रिकचा पाचच राहिला. म्हणजे दोहोंतली दरी एका फटक्यात आकसली. एक नवा पार्ट पॅटर्नपासून सॅम्पल मंजूर होऊन शेड्यूलला लागेपर्यंत आमच्याकडे सहज सहा महिने ते वर्ष जातं. तेवढ्यात सरकारचा चारदा विचार बदललेला असतो.

हायब्रिडचा वाद त्याहून कडवा. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडला नोंदणी कर माफ केला तेव्हा टोयोटा-मारुती एका बाजूला आणि टाटा-महिंद्रा दुसऱ्या बाजूला असे तट पडले. त्याच महिन्यात टोयोटाने छत्रपती संभाजीनगरात कारखाना उभारण्याचा करार राज्याशी केला. हायब्रिडमध्ये इंजिन असतं, ब्लॉक असतो, हेड असतं. आमचे फाउंड्रीवाले दिवाणखान्यात पर्यावरणावर काहीही बोलोत, मनातून ते हायब्रिडचे मतदार आहेत.

आणि परावलंबन? एप्रिल 2025 मध्ये चीनने मोटारीत लागणाऱ्या दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट लावली, आणि काही महिन्यांत आकुर्डीत बनणाऱ्या चेतक स्कूटरचं उत्पादन अडखळलं. महिंद्राच्या चाकणमध्ये बनणाऱ्या बीई 6 मधले बॅटरीचे सेल चिनी बीवायडीचे आहेत. तेलाऐवजी चुंबक आणि सेल आयात करायचे, एवढाच हा स्वदेशीचा अर्थ असेल तर आनंद आहे.

गाडी घ्यावी का, असं मला नातेवाईक विचारतातच. मी हिशेब मांडून देतो. घरच्या विजेचे युनिटला दहा रुपये धरा. 45 युनिटची बॅटरी साडेचारशे रुपयांत भरते आणि प्रत्यक्षात तीनशे किलोमीटर निघाले तरी किलोमीटरला दीड रुपया पडतो. पेट्रोलच्या गाडीला हाच आकडा सातच्या घरात. कोल्हापूर-पुणे अंतर 230 किलोमीटर. एका चार्जमध्ये, एसी लावून, खंबाटकी चढूनही जमतं. अडचण रस्त्यावर नाही, दारात आहे. ज्याची गाडी मंगळवार पेठेच्या बोळात, दुसऱ्याच्या उंबऱ्यासमोर उभी राहते त्याने चार्जरची वायर कुठून आणायची? बाहेरच्या चार्जरवर युनिटचा दर घरच्याच्या दुपटीच्या जवळपास जातो आणि वरच्या हिशेबातली बचत बरीच आटते. स्वतःचं पार्किंग आणि रोजची धाव असेल तर घ्या, महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याने घेऊ नये. ‘वीज कोळशाचीच ना?’ या प्रश्नाला उत्तर आहे: बरीचशी होय, तरी शहरातला धूर तुमच्या नातवाच्या नाकासमोर निघत नाही.

विजेचं राजकारण आम्हाला गाडीच्या आधीपासून ठाऊक आहे. कोक जाळणारे कपोला गेले, विजेच्या इंडक्शन फर्नेस आल्या, आणि वीजबिल ही फाउंड्रीची नाडी झाली. सीमेपलीकडे कर्नाटकात वीज स्वस्त, आम्ही तिकडे जाऊ, हा इशारा इथल्या उद्योजकांनी मुंबईला दिलेला आहे.

नोकऱ्यांबद्दल बोलताना फाउंड्रीतलं आजचं चित्र लपवून चालणार नाही. मोल्डिंग, पोअरिंग, फेटलिंगला स्थानिक पोरगा मिळत नाही. ते काम उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कंत्राटी माणसं करतात. ती माणसं दुसऱ्या भट्टीवर जातील. कात्री लागेल ती मशीन शॉपला. हेड आणि ब्लॉक घासून, भोकं पाडून देणारे जॉबवर्कवाले, कर्जावर दोन व्हीएमसी मशीनं घेतलेला आयटीआय झालेला मुलगा आणि त्याच्याकडचे चार ऑपरेटर. त्याचं नाव कुठल्याच धोरणात येत नाही, कारण तो कंपनीचा व्हेंडरही नसतो, व्हेंडरचा व्हेंडर असतो. सुदैवाने ट्रॅक्टर इतक्यात बॅटरीवर जात नाही आणि 2024 मध्ये देशात विकलेल्या शंभर नव्या मोटारींत इलेक्ट्रिक दोन-तीनच होत्या. उसंत आहे.

ती उसंत वाया कशी जाते तेही मी पाहतो. कागलच्या एका मध्यम फाउंड्रीला लो प्रेशरचं मशीन घ्यायचं आहे. बँक म्हणते, आधी ऑर्डर दाखवा. कस्टमर म्हणतो, आधी मशीन दाखवा, मग ऑडिटला येतो. गाडी घेणाऱ्याला सवलत आहे, गाडी बनवणाऱ्याला आहे, सेल बनवणाऱ्याला आहे. त्या फाउंड्रीच्या मालकाने गेल्या महिन्यात वाट पाहणं सोडलं आणि पंपांच्या निर्यातीचं बिडाचं काम घेतलं. कोअर शॉप त्याने ठेवलं आहे.