खजिनदार कुणी व्हायचं?

कॉलेजच्या मराठी मंडळात अध्यक्ष व्हायला दोन-तीन जण तरी तयार असतात. नाटक कोण बसवणार यावरून तर रुसवेफुगवेही होतात. खजिनदाराचं नाव निघालं की मात्र सगळे खाली बघायला लागतात. मग "तुझं गणित बरं आहे ना, तूच हो" असं म्हणत ते पद कुणाच्या तरी गळ्यात मारलं जातं. बडोद्याला बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला असताना, २००८ साली, ते माझ्या गळ्यात पडलं.

खरं सांगायचं तर या कामाला गणित फारसं लागतच नाही. बेरीज आणि वजाबाकी आली की झालं. लागतं ते वेगळंच काहीतरी, आणि त्याबद्दलच लिहितो आहे. आपल्या घरांतली बरीच मुलं-मुली यंदा कुठल्या ना कुठल्या मंडळात, क्लबात किंवा टेक-फेस्टच्या समितीत असतील. त्यांच्यापैकी कुणाला तरी हे पद मिळणारच आहे.

माझ्या हाती कारभार आला म्हणजे एक प्लॅस्टिकची पिशवी आली. तीत बरीच बिलं, काही चिठ्ठ्या, अर्धवट वापरलेलं पावतीपुस्तक आणि १,१४० रुपये रोख होते. वही नव्हती. आधीचा खजिनदार आमचा सिनिअर. तो पास होऊन नोकरीला लागला होता. पिशवीबरोबर एक कुजबुजही माझ्याकडे आली होती: "गणपतीचे सहा हजार कुठे गेले ते त्यालाच ठाऊक." कुणी उघड आरोप करत नव्हतं, पण त्याचं नाव निघालं की दोघे-तिघे एकमेकांकडे बघून हसायचे. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, उलट माझेच दोन-अडीच हजार गेलेत. पण आता सांगून काय उपयोग? दाखवायला काय आहे माझ्याकडे?" नंतर मंडळाच्या कार्यक्रमांना तो कधी आला नाही.

हे ऐकल्यावर मी आमच्या शेजारच्या काकांकडे गेलो. ते निवृत्त झाले होते आणि बरीच वर्षं आपल्या समाजाच्या मंडळाचा हिशेब लिहीत होते. त्यांनी आधी मला एक प्रश्न विचारला, "आपल्याकडे पोतनीस, फडणीस, मुजुमदार अशी तीन वेगळी आडनावं का आहेत, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. मराठेशाहीच्या कारभारात ही तीन वेगळी पदं होती. ढोबळमानाने सांगायचं तर पोतनीस रोकड सांभाळायचा, फडणीस हिशेब लिहायचा आणि मुजुमदार तो तपासायचा. काका म्हणाले, "ती माणसं चोर होती म्हणून नाही हं. एकाच माणसाकडे तिन्ही कामं दिली की तो कितीही सज्जन असला तरी त्याची बाजू घ्यायला कुणी उरत नाही."

मग आम्ही तसंच केलं. रोख रक्कम माझ्याकडे, वही दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे, आणि महिन्यातून एकदा तपासणी आमच्या समितीबाहेरच्या एका मित्राकडे. बँकेत मंडळाच्या नावाने खातं होतंच, ते ठराव करून दोघांच्या सहीने चालेल असं करून घेतलं. पावतीपुस्तकातल्या पावत्यांना क्रमांक घातले. खाडाखोड झालेली पावती फाडून टाकायची नाही, 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची. वहीतही चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला बरोबर आकडा लिहून सही करायची. पुढे सॉफ्टवेअरच्या कामात पडल्यावर लक्षात आलं की आमचे सर्व्हरचे लॉगही याच नियमाने चालतात. जुनी नोंद बदलत नाहीत, तिच्याखाली नवी नोंद जोडतात.

काकांनी रोजमेळ शिकवला तो असा. ज्या दिवशी पैसे आले किंवा गेले, त्या दिवशी रात्री झोपण्यापूर्वी आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च एवढं करायचं आणि तो आकडा डब्यातल्या नोटांशी जुळवायचा. दहा मिनिटांचं काम आहे. महिन्याच्या शेवटी करायला बसलं तर मात्र दोन दिवस जातात आणि तरीही जुळत नाही, कारण रिक्षाचे चाळीस रुपये कुणी दिले हे तोवर कुणालाच आठवत नसतं.

अंदाजपत्रकाचीही आमची एक पद्धत बसली. मंडळांची अंदाजपत्रकं बहुतेक वेळा खर्चापासून सुरू होतात: सेट हवा, लाइट हवे, जेवण हवं, मग त्याला पुरतील एवढे पैसे कुठून तरी 'येतील'. आम्ही जमेपासून सुरुवात केली आणि तिचे तीन रकाने केले. पहिला रकाना नक्की पैशांचा. १३० सभासदांची दीडशे रुपये वर्गणी म्हणजे १९,५००, कॉलेजचं अनुदान ८,००० आणि हातातली शिल्लक १,१४०, मिळून २८,६४०. दुसरा रकाना बहुधा मिळतील अशा पैशांचा. यात गणपतीत माजी विद्यार्थ्यांकडून आणि रावपुरा, दांडिया बजार भागातल्या मराठी घरांतून येणारी देणगी होती, अंदाजे १०,०००. तिसरा रकाना आशेचा, म्हणजे प्रायोजकांचे २५,०००. नियम एकच होता. ज्याशिवाय कार्यक्रमच होणार नाही तो खर्च पहिल्या रकान्यातून, कार्यक्रम चांगला होण्यासाठीचा दुसऱ्यातून, आणि तिसऱ्या रकान्यातला रुपया हातात पडल्याशिवाय त्यातून कुणालाही शब्द द्यायचा नाही.

हा नियम कुणालाच आवडला नाही. विशेषतः नाटक बसवणाऱ्या माझ्या मित्राला. जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. त्याला फिरता सेट हवा होता आणि एका कंपनीने पंधरा हजार देण्याचं तोंडी कबूलही केलं होतं. "शब्द दिलाय त्यांनी, तू सुताराला ॲडव्हान्स दे," असं तो महिनाभर म्हणत होता. आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं.

त्या वर्षी गणेश चतुर्थी ३ सप्टेंबरला होती. उत्सव झाला, खर्च १५,२०० आणि देणगी ११,३००. आम्ही खुशीत होतो. विसर्जनाला पुरते दोन आठवडेही झाले नसतील, तोच १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. बडोद्यातल्या कॉलेजच्या नाटकाचा त्याच्याशी काय संबंध, असं तेव्हा वाटलं. संबंध डिसेंबरात कळला. मंदी म्हटली की कंपन्या सगळ्यात आधी जाहिरात आणि प्रायोजकत्व यांचेच पैसे थांबवतात. पंधरा हजारवाल्यांनी फोन उचलणं सोडलं. पंचवीस हजारांच्या आशेपैकी प्रत्यक्षात ५,००० आले, तेही मांडवीजवळच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून.

नाटक झालं. सेट फिरला नाही, कपडे घरोघरच्या कपाटांतून आले आणि जेवणाऐवजी पोहे आणि चहा झाला. पण कुणाचीही उधारी राहिली नाही. सुताराला ॲडव्हान्स दिला असता तर ते पैसे आम्हा पाच-सहा जणांच्या घरून आणावे लागले असते. विद्यार्थ्यांच्या मंडळाचं कर्ज शेवटी असंच कुणाच्या तरी आईबाबांच्या खिशातून फिटतं.

खरी कसोटी त्यानंतर लागली. हिशेबाच्या सभेत एकाने विचारलं, "लाइट-साउंडचे सात हजार कसे? शेजारच्या कॉलेजने साडेचारात केलं." ते पैसे त्याच माझ्या मित्राने उचल म्हणून घेतले होते. त्याचा चेहरा लाल झाला. सभेत एकदम शांतता पसरली. मला गेल्या वर्षीची कुजबुज आठवली. ती बहुधा अशाच एका प्रश्नाने सुरू झाली असणार.

वही लिहिणाऱ्या मुलीने पान उघडून वाचलं. उचल ७,०००. बिल ५,६००, त्यात तालमीचे दोन दिवसही होते. टेम्पो ६००, त्याच्या व्हाउचरवर चालकाची सही. तिसऱ्या दिवशी परत जमा ८००. मागे तीन ठिकाणचे दर जोडलेले होते आणि घेतलेला दर त्यांतला सर्वांत कमी होता. वाचायला अर्धं मिनिट लागलं. विचारणारा म्हणाला, "बरं, मग ठीक आहे," आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. मित्राने माझ्याकडे बघितलं. फिरत्या सेटवरून धरलेला अबोला त्या संध्याकाळी संपला.

प्रश्न विचारणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पैसे त्याचेही होते. फरक इतकाच, की या वेळी प्रश्नाला उत्तर होतं.

मग आम्ही तिघांनी ती जुनी पिशवी पुन्हा काढली. मांडववाल्याकडे गेलो. त्याच्या बिलबुकातल्या कार्बन कॉपीत आमच्या मंडळाचं ४,१०० रुपयांचं बिल मिळालं. फुलं, प्रसाद आणि टेम्पो यांचे पैसे त्या सिनिअरने दिले असणार, पण फुलवाली बाई काही बिल देत नाही. अशा खर्चाला आपणच व्हाउचर करून सही घ्यावी लागते, आणि ती घेतलेली नव्हती. सहा हजारांतले ४,१०० रुपये सापडले, ते आम्ही पुढच्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि त्यालाही कळवलं. उरलेल्या १,९०० चं काय झालं, ते कधीच कळलं नाही. त्याने ते घेतले असं मला वाटत नाही. पण माझ्या वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, आणि त्याची अडचण नेमकी हीच होती.

गुजरातीत एक म्हण आहे, हिसाब कोडीनो, बक्षिस लाखनी. बक्षीस लाखाचं द्या, पण हिशेब कवडीचाही चोख ठेवा. बडोद्यात वाढल्यामुळे लहानपणापासून ती कानावर होती. तिचा अर्थ कंजूषपणा असा नाही, हे मात्र त्या वर्षी समजलं.

आज तुमच्याकडे रोख रकमेचा डबा नसेल. वर्गणी यूपीआयने येते, प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. त्यामुळे हिशेब आपोआपच होतो असं वाटतं. तसं होत नाही. बहुतेक ठिकाणी क्यूआर कोड खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा असतो. मग मंडळाचे दीडशे रुपये, घरून आलेला खर्च आणि मित्राने दिलेले पिझ्झाचे पैसे एकाच यादीत येतात. बँकेच्या दृष्टीने ते सगळे पैसे तुमचेच. पैसे कुणी आणि कधी दिले, ते यादी सांगते. कशासाठी दिले, ते तुम्हालाच लिहावं लागतं. म्हणून मंडळाच्या नावाने खातं काढता येत असेल तर काढा. कॉलेजमार्फत खातं चालत असेल तर तेच वापरा. दोन्ही जमत नसेल, तर निदान दोघांच्या नावाचं वेगळं बचत खातं ठेवा आणि त्यात स्वतःचा एक रुपयाही मिसळू नका. हिशेबाची शीट सगळ्या सभासदांना बघता येईल अशी ठेवा, पण तीत बदल करण्याचा अधिकार एकाकडेच असू द्या. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून तिथेच जोडा, कारण थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. उचल घेतलेल्याने तीन दिवसांत हिशेब द्यायचा, मग तो अध्यक्ष का असेना. आणि खिशातून पैसे घातले तर तेही लिहा. संकोचाने न लिहिलेली मदत पुढे कुणी मोजत नाही, संशय मात्र सगळे मोजतात.

वर्ष संपलं तेव्हा आमच्याकडे २,७९० रुपये उरले होते. वही लिहिणारी मुलगीच पुढच्या वर्षी खजिनदार झाली. तिने नव्या पानावर वर तारीख घातली, खाली 'आरंभीची शिल्लक २,७९०' असं लिहिलं आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या. पिशवी नव्हती, कुजबुज नव्हती. त्या वर्षीचे आम्ही सगळे अजूनही दिवाळीत भेटतो.

तेव्हा यंदा नाव पुकारलं गेलं तर खाली बघू नका, पद घ्या. आणि कुठून सुरुवात करायची ते कळलं नाही, तर घरी विचारा. आपल्या प्रत्येक गावच्या मंडळात असे एक काका किंवा मावशी असतात, ज्यांनी पंधरा-वीस वर्षं कुणाच्या लक्षात न येता हिशेब लिहिलेला असतो. त्यांच्याकडे एक संध्याकाळ बसा. ते आनंदाने शिकवतील. त्यांना आजवर हे फारसं कुणी विचारलेलं नसतं.