जाळी नसलेला गोल

आमखास मैदानावर सरावाला आम्ही दोन बांबू रोवतो. मागे जाळी नाही. गोल झाला की बॉल मुरमावरून घरंगळत लांब जातो आणि तो आणायला आधी गोलकीपर पळायचा. जाताना पळायचा, येताना मात्र बॉल काखेत मारून, खाली बघत चालत यायचा. तीस-चाळीस पावलं असतील. पंधरा वर्षांच्या पोराच्या मनात काय चाललंय ते बघायचं, तर ती पावलं बघावीत. पूर्वी मी ती बघत नसे. तेवढा वेळ मी ओरडत असे.

एक कीपर होता. नववीतला, ताडमाड, आवाज नुकता फुटलेला. आंतरशालेय सामन्यात त्याच्या दोन पायांमधून बॉल गेला. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात त्याच्या उंचीचा उल्लेख होता, एवढं सांगतो. सगळी पोरं हसली. पुढच्या आठवड्यात त्याचं पोट दुखत होतं, मग क्लास होता, मग तो आलाच नाही. ‘पोरगं कच्चं निघालं,’ असं मी चहाच्या टपरीवर सांगितलंसुद्धा. दोन वर्षांनी औरंगपुऱ्यात दिसला. मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

पुढे एका प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला. गाडी चालवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ. काहींनी एकट्याने खेळायचा, काहींनी दोस्त बघत असताना. दोस्त बघताहेत म्हटल्यावर किशोरवयीन मुलं भलतेच धोके पत्करू लागली. मोठ्या माणसांना तसा फरक पडला नाही. वाचताना मला ते हसणं आठवलं. मी बोललो ते त्याने कदाचित गिळलंही असतं. पण ते मी दहा दोस्तांसमोर बोललो होतो.

९ ऑक्टोबर २०१७ ला सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत-कोलंबिया सामना होता. आम्ही सगळे एका खोलीत टीव्हीसमोर कोंबून बसलो होतो. ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगचं हेडर, १-१! विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. पोरं एकमेकांच्या अंगावर. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने २-१ केलं, तेव्हा अर्धी नाचतच होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, असा गोल बसल्यावर काय करायचं? मला मार्किंगचं उत्तर हवं होतं. मागच्या ओळीतला एक जण म्हणाला, “सर, बॉल आणायला कीपर एकटाच कशाला जातो?”

तेव्हापासून आमच्यात गोल खाल्ला की बॉल डिफेंडर आणतो. कीपरने हवं तर सोबत जावं, पण एकट्याने नाही. येताना दोघं काय बोलतात ते मी ऐकत नाही, वाऱ्यावर कधी एखादा तुकडा येतो, “जाने दे ना यार, वो मेरा आदमी था.” बस, एवढंच. पण कीपरची मान वर असते.

फुटबॉलने मुलं घडतात वगैरे बक्षीस समारंभात बोलायला ठीक आहे. जो पोरगा हंगामभर बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतो, तोही घडतच असतो. आपण कुणाच्या खिजगणतीत नाही, हे त्याच्या मनावर पक्कं होत असतं. म्हणून सरावात तरी मी सगळ्यांना सारखा वेळ देतो. स्पर्धेत जमत नाही. जिंकायचं मलाही असतंच. दहावीची पोरं तर क्रीडा गुणांचा हिशेब मांडूनच येतात, आणि कडेला उभे असलेले बाप तो हिशेब मोठ्याने मांडतात.

ओरडण्याची सवय सुटली आहे, असं मी म्हणणार नाही. गोल बसला की आता शिट्टीची दोरी दातांत धरतो आणि बॉल परत मधल्या रेषेवर येईपर्यंत सोडत नाही. मागच्या शनिवारी चार गोल खाल्ले. दोरी तुटली.