बत्तीस बोअरचं कोल्ट

जुनं रिव्हॉल्वर हातात आलं की ते रिकामं असल्याची खात्री मी डोळ्यांनी आणि बोटानं, दोन्हींनी करतो आणि मग ते खिडकीशी नेतो. नळीत डोकावायच्या आधी स्क्रू बघतो. स्क्रूच्या खाचेच्या कडा धारदार असतील तर आतल्या यंत्रणेला एक तर कुणी हात लावलेला नाही, किंवा लावला असेल तर जाणत्यानं. कडा फाटलेल्या असतील तर कुणीतरी घरातलाच स्क्रू ड्रायव्हर घालून बाजूची पट्टी उघडलेली असते आणि आत काय काय घासून ठेवलं असेल याचा नेम नसतो.

परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये रिव्हॉल्वर दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बेलापूरहून हार्बर लाइननं मुंबईला जायचं, रात्री खाडीकडेच्या घरी परतायचं. दिवाळ्याच्या कोळीवाड्यात जाळी विणणारे, इंजिनं खोलणारे हात घरोघरी आहेत. माझं काम वेगळं, पण लोखंडाशी आणि खाऱ्या हवेशी झगडा तोच.

पावसाळा सरला तेव्हा गावातला एक जण घरी आला. मासळीच्या धंद्यातला माणूस, रोकड घेऊन अपरात्री भाऊच्या धक्क्यावर ये-जा असते. स्वसंरक्षणाचा परवाना त्याला मिळाला होता. पनवेलच्या एका घरात कोल्टचं रिव्हॉल्वर विकायचं आहे, असं त्याच्या कानावर आलं होतं. मूळ मालक वारले, वारसांनी रीतसर परवाना करून घेतला, आता ते त्यांना ठेवायचं नव्हतं. “काका, तुम्ही हो म्हटलं तर घेतो, नाही म्हटलं तर विषय संपला,” तो म्हणाला. मी बरोबर गेलो.

कोल्ट पोलिस पॉझिटिव्ह. कोल्ट कंपनीनं हे मॉडेल १९०७ मध्ये बाजारात आणलं. त्याच्या आधीचं ‘न्यू पोलिस’ १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी घेतलं होतं, थिओडोर रूझवेल्ट तिथले पोलिस आयुक्त असताना. नावातल्या ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ घोड्याच्या सुरक्षेच्या सोयीशी आहे: चाप ओढल्याखेरीज घोडा काडतुसापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये एक पोलादी अडसर येतो. शंभर वर्षांपूर्वीची ती जुळणी आजही बघत बसावी अशी आहे.

आपल्याकडे अशी हत्यारं विरळा. खासगी वापरासाठी परदेशी शस्त्रं आणणं ऐंशीच्या दशकात बंद झालं. त्याआधी जी आली तीच हातोहात फिरत राहिली. त्यातली वेब्ली बरीच, कोल्ट कमी. त्यामुळे विलायती नाव दिसलं की किंमत चढते. हत्यार आतून कसं आहे याच्याशी त्या चढलेल्या किमतीचा फारसा संबंध नसतो.

नळीच्या डाव्या बाजूची अक्षरं मी भिंगाखाली वाचली. इथं एक जुनी खोच आहे. पोलिस पॉझिटिव्ह बत्तीस बोअरमध्ये दोन वेगळ्या काडतुसांसाठी बनलं: एक कोल्टचं स्वतःचं, बारीक, आणि दुसरं ‘पोलिस’ नावाचं, जे खरं तर स्मिथ अँड वेसनचं बत्तीस लाँगच. प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या नळीवर कोरायला नको म्हणून कोल्टनं गोळीचं नाक चपटं केलं आणि नवं नाव दिलं. आपल्याकडे परवानाधारकाला मिळतं ते बत्तीस लाँग, खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का बुडावर असलेलं. ते बारीक चेंबरमध्ये बसतच नाही. नुसतं ‘बत्तीस बोअर’ ऐकून पैसे मोजणाऱ्याच्या पदरात देखणं, पण काडतूस नसलेलं लोखंड पडू शकतं. या नळीवर ‘पोलिस’ कोरलेलं होतं. शस्त्राचा अंकही परवान्यावरच्या अंकाशी जुळला. मला आनंद झाला.

अक्षरांच्या कडा मात्र गोलावल्या होत्या. कोल्टची खूण असलेला उधळलेला घोडा बाजूच्या पट्टीवर होता, पण त्याचे पाय पुसट. म्हणजे कधीतरी बफवर धरून, चकाकी आणून, पुन्हा निळं केलेलं. मुळातली कोल्टची निळाई खोल असते, तिच्यात बोटांचे ठसे दिसतात. ही वरवरची, थोडी जांभळट. चकाकीखाली, सिलिंडरच्या खाचांजवळ, गंजाचे टाचणीएवढे खड्डे होते. चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या हत्याराला असे खड्डे पडतात, कारण चामडं ओल धरून ठेवतं. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्रं जमा करावी लागतात, तेव्हा लोक म्यानासकटच देतात आणि परत आणल्यावर उघडून बघत नाहीत. खाडीकाठी तर पुसून, तेलाचा हलका हात देऊन, म्यानाबाहेर ठेवलेलं हत्यारसुद्धा वरचेवर तपासावं लागतं.

मग खरी परीक्षा. अंगठ्याचा किंचित दाब सिलिंडरवर ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. घोडा पुरता चढण्याआधी सिलिंडर खाचेत ‘टक्’ करून अडकला पाहिजे. सहापैकी चार चेंबरला तो अडकला. दोन चेंबरला घोडा चढला तरी सिलिंडर केसभर मागे राहिला. त्यानंतर चाप दाबून धरून, घोडा अंगठ्यानं अलगद खाली आणून, सिलिंडर हलवून पाहिला. कोल्टमध्ये या घडीला सिलिंडर जराही हलता कामा नये. स्मिथ अँड वेसनमध्ये थोडी हालचाल चालते, ते त्याच्या बनावटीतच आहे. कोल्टमध्ये सिलिंडर फिरवणारा ‘हँड’ चाप दाबलेला असताना सिलिंडरला त्याच्या खाचेतल्या खटक्यावर गच्च रेटून धरतो. म्हणून कोल्ट नेम धरून मारायला फार सुखाचं, आणि म्हणूनच त्याचा हँड लवकर झिजतो. हे हलत होतं. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजनं सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, भरली, ती ठीक. नळीतलं रायफलिंग स्वच्छ, तोंडाशी मार नाही.

झिजलेला हँड ठोकून किंचित लांबवता येतो, पण एकदाच. पुढच्या वेळी नवा लागतो. नवा आपल्याकडे मिळत नाही, मिळाला तरी परवानाधारक वर्कशॉपमध्ये बसून हातानं बसवावा लागतो, आणि कोल्टची ही जुळणी जमणारे कारागीर आता मोजके. सिलिंडर मागे राहिला तर गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी शिरते आणि शिशाच्या किरच्या बाजूला उडतात. चाप ओढणाऱ्यालाही इजा होऊ शकते.

कायद्याची बाजूही मनात होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतात. खासगी विक्री असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या नावापत्त्यासह आधी लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. ती मुदत मला फार योग्य वाटते. जुन्या हत्याराची भूल तेवढ्या दिवसांत उतरते.

परतताना त्याला मी ‘घेऊ नको’ असं सांगितलं. रात्री दोन वाजता धक्क्यावर जाणाऱ्या माणसाजवळचं हत्यार सहाही वेळा चाललं पाहिजे, बिघडलं तर आठवड्यात दुरुस्त झालं पाहिजे. त्यानं कानपूरच्या कारखान्याचं बत्तीस बोअर घ्यावं. वेब्लीच्या मोडत्या बनावटीचं ते जुनं मॉडेल कोल्टइतकं तलम नाही, चाप जड आहे, पण त्याचे भाग मिळतात आणि ते उघडलेले हात महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. किंवा २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबळ’ बघावं, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो. त्यानं मान डोलावली. मग गाडी बेलापूरच्या पुलाखाली आली तेव्हा विचारलं, “मग ते तुम्हीच का नाही घेत, काका? तुम्हाला तर दुरुस्त करता येतं.”

मलाही तेच वाटत होतं, तो घोडा चढवून पाहिल्या क्षणापासून. माझ्या परवान्यावर एका शस्त्राची जागा मोकळी आहे. हँड कसा बसवायचा ते मला ठाऊक आहे, रेंजवर कागदावर मारायला तेवढं पुरे, आणि अशी नळी मला पुन्हा बघायला मिळेल याची खात्री नाही. पण त्यानं मला बघायला नेलं होतं आणि माझ्या शब्दावर सोडून दिलं होतं. ज्या वस्तूला आपण दुसऱ्याकरता नको म्हटलं, ती आपण घ्यायची नाही. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो ते असंच वागत आणि त्यांच्यापुढे दोष सांगायला कुणी कचरत नसे. मी तसं वागलो नाही तर गावात उद्या माझ्या ‘नको’ला काय अर्थ राहील?

पनवेलच्या घरी मी एक कागद पाठवला. मॉडेल, काडतूस, अंक, पुन्हा केलेली निळाई, खड्डे, आणि दोन चेंबरवर सिलिंडर मागे राहतो हे स्पष्ट लिहिलं. दुरुस्तीआधी बार काढू नये हे वेगळ्या ओळीत. विक्रेत्याकडे ठेवायला नेलं तर हा कागद बरोबर द्या, कोल्ट ओळखणारा गिऱ्हाईक दोष वाचूनही घेईल, असंही कळवलं.