रतामाच्या झुडपाखाली

शब्बाथशाळेत आम्हाला एलीया शिकवला तो अग्नीचा. कर्मेल डोंगरावर आकाशातून आग उतरवणारा, ओढ्याकाठी कावळ्यांनी आणून दिलेले खाणारा, शेवटी अग्निरथ येऊन वावटळीतून स्वर्गात गेलेला. बाई फ्लॅनेलच्या फळ्यावर कागदी चित्रे चिकटवायच्या आणि रथाच्या घोड्यांचे रंग आम्ही भांडून ठरवायचो. कर्मेल आणि अग्निरथ यांच्यामधले एक पान मात्र वर्गात कधी उघडले गेले नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा तो १९ वा अध्याय. त्या पानावर हाच एलीया ईजबेल राणीच्या धमकीला भिऊन पळतो. बैर-शेबा गावात आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटाच दिवसभर रान तुडवत जातो, एका रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. आता पुरे झाले, मी काही माझ्या वाडवडिलांहून चांगला नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलतो आणि तिथेच आडवा होऊन झोपतो.

रताम हे वाळवंटातले झुडूप. काड्यांसारख्या फांद्या, बारीक पांढरी फुले, सावली नावापुरती. एवढ्या सावलीत निजलेल्या त्या माणसाशी देव कसा वागला, ते मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी माझा ऊर भरून येतो. देव त्याला रागावत नाही. कालच तर तू माझ्या नावाने आग उतरवलीस, मग आज हे काय, असे विचारत नाही. एक देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर असते, पाण्याचे भांडे असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देव त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा तोच हात, तीच भाकर, आणि वर हे कबूल करणे की तुझ्यापुढची वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. सगळ्या शास्त्रात खिन्न माणसाची इतकी साधी शुश्रूषा मला दुसरीकडे सापडलेली नाही.

ही खिन्नता मलाही जडली. माझ्या आजाराला कारण नव्हते. लोक कारण विचारतात आणि ते नसले की त्यांची पंचाईत होते. नवरा समजूतदार, मुलगी शिकतेय, शाळेतली नोकरी कायमची, आईवडील आपले वय पुरे करून प्रभूकडे गेलेले. तरी एका उन्हाळ्यात सकाळी उठणे जड व्हायला लागले. न्हाणीत बादलीभर गरम पाणी काढून मी समोर पाटावर बसून राहायचे. पाणी निवून जायचे, पण तांब्या हातात घेववायचा नाही. मुलांच्या वह्या टेबलावर साचत गेल्या. रविवारी चर्चला जायचे, ‘उपासना संगीत’ उघडायचे, गीताचा क्रमांक बरोबर सापडायचा, सगळ्यांबरोबर उभीही राहायचे, आणि तोंडातून आवाज निघायचा नाही. ज्यांच्या चाली मला झोपेतही चुकणार नाहीत अशी ती गीते भोवती चालू असायची आणि मी त्यांच्या बाहेर. रडू येत नव्हते. रडू आले असते तर मोकळे तरी वाटले असते. रात्री अंथरुणावर पडून मी देवाजवळ एवढेच मागायचे की उद्याची सकाळ मला दाखवू नकोस.

या दुखण्यात आपल्या माणसांचे बोलणे फार लागते, आणि ते मायेने बोललेले असते म्हणून जास्तच लागते. एका प्रार्थनासभेत कुणीतरी साक्ष देताना म्हणाले, ज्याच्या अंतःकरणात ख्रिस्त आहे त्याला उदासी शिवत नाही. सगळ्यांनी आमेन म्हटले. कुणी घरी येऊन उपवास-प्रार्थना सुचवली, कुणी मनात दडलेले पाप शोधून कबूल करायला सांगितले. मी शोधायला बसले. खिन्न माणसाला पापे शोधायला कधीही सांगू नये. त्याला ती भराभर सापडतात, न केलेलीसुद्धा सापडतात. आणि हे सांगणाऱ्यांना गेथशेमाने बागेचा कसा विसर पडतो? तिथे येशू स्वतः मरणप्राय खिन्न झाला होता, हे मत्तय आणि मार्क दोघांनीही लिहून ठेवले आहे. त्या रात्री त्याने शिष्यांकडे मागितले ते एवढेच, की माझ्याजवळ थांबा आणि जागे राहा. तेही त्यांच्याने झाले नाही.

आमच्या मंडळीत एक वयस्कर बाई आहेत, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या एका दुपारी डबा घेऊन आल्या. ज्वारीची भाकरी, पातळ पिठले, कांदा. बायबल आणले नव्हते. “आज काही बोलायचं नाही,” म्हणाल्या, “मी नुसती बसते.” माझ्यासमोर ताट ठेवले आणि माझे खाऊन होईपर्यंत दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. मग मला खाली बसवून, मागे खुर्चीवर बसून त्यांनी माझ्या केसांना तेल लावले. किती दिवस विंचरले नव्हते. गुंते झाले होते. प्रत्येक गुंता बोटांनी सोडवून मगच फणी घालत होत्या, एकदाही ओढले नाही. वेणी घालून झाल्यावर डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ थांबल्या. मनात प्रार्थना केली असेल, मला ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. त्यानंतर येतच राहिल्या.

डॉक्टरांकडे त्यांनीच नेले. मी मनोविकारतज्ज्ञाकडे जायला तयार नव्हते. ख्रिस्ती माणसाने गोळी घेऊन आनंद मिळवायचा म्हणजे प्रभूवरचा भरवसा सोडण्यासारखे आहे, असे माझ्या मनाने घेतले होते. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “जेवणाआधी प्रार्थना करतेस ना? मग गोळीआधीही कर. पण घे.” पुढे या बोलण्याचा मी खूप विचार केला. आमच्या नगरला मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. शाळा आणि दवाखाने हा आमचा अभिमानाचा विषय. मिरजेत डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली दवाखाना उभारला आणि तिथे शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसे येऊ लागली, या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. मोतीबिंदू काढणारा हात देवाचे साधन आहे, असे आम्ही बिनदिक्कत म्हणतो. लूक हा तर वैद्यच होता आणि पौलाने त्याला प्रिय म्हटले आहे. मग मनावरच्या औषधापाशीच आमचा विश्वास का अडखळतो? गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तोवर झोप तेवढी लागायला लागली. मला एलीयाची झोप आठवली.

सिस्टरांनी बायबल उघडले ते बऱ्याच दिवसांनी, आणि उघडले ते ८८ वे स्तोत्र. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे, पण बहुतेक विलाप शेवटी वळण घेतात, देवाची स्तुती करून थांबतात. हे स्तोत्र वळत नाही. हेमान नावाच्या माणसाची ही कैफियत अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. सिस्टरांनी ते सावकाश वाचले, पुस्तक मिटले, काही समजावून सांगितले नाही. मला तेव्हा रडू आले. असला माणूस मंदिराच्या गीतपुस्तकात आहे, त्याला कुणी बाहेर काढले नाही, त्याच्या कवनाला कुणी ओढूनताणून गोड शेवट जोडला नाही! शेकडो वर्षे उपासनेत ते म्हटले जाते आहे. म्हणजे माझ्या मुक्या तोंडासाठीही तिथे जागा होती.

खरे तर हे मराठी ख्रिस्ती माणसाला नवे वाटायला नको. नारायण वामन टिळक तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि तुकोबा म्हणजे विठ्ठलाशी भांडण्यात कसूर न करणारे. दुष्काळात बायको आणि पोर गमावलेल्या त्या माणसाने देवाला विनवले, टाकून बोलले, त्याच्या दारात धरणे धरले. दार मात्र सोडले नाही. टिळकांनी ती अभंगाची वाट चर्चमध्ये आणली. स्तुतीचा स्वर आम्ही जपला. भांडणाचा, काकुळतीचा स्वर कुठे तरी हलका करून टाकला. तो परत यावा असे मला मनापासून वाटते.

विश्वासाने हा आजार पुसून जातो असे जे म्हणतात त्यांना मी विल्यम कूपरची गोष्ट सांगते. १७३१ साली जन्मलेला हा इंग्रज कवी, सहाव्या वर्षी आईविना झालेला. १७६३ साली त्याच्या मनाने असा घात केला की मरणाच्या दारातून त्याला परत आणावे लागले. सेंट ऑल्बन्सच्या डॉक्टर कॉटन यांनी त्याला आपल्या खासगी मनोरुग्णालयात ठेवून घेतले. ते वैद्य होते आणि भाविक ख्रिस्तीही. तिथेच बायबल वाचताना कूपरला तारणाची खात्री पटली. पुढे ऑल्नी गावी जॉन न्यूटनचा शेजार लाभला. गुलामांची जहाजे चालवणारा माणूस पुढे पाळक झाला, तो हा न्यूटन. दोघांनी मिळून गीते रचली; १७७९ साली निघालेल्या त्यांच्या संग्रहातली गीते आजही जगभर गातात. पण त्याआधीच, १७७३ साली, कूपरला आजाराने पुन्हा गाठले. देवाने आपल्याला टाकले आहे या कल्पनेने त्याला घेरले आणि ती १८०० साली तो वारला तोवर पुरती सुटली नाही. न्यूटनने त्याला वर्षाहून जास्त काळ आपल्या घरी राहू दिले. कूपर बागेत खपत असे, सुतारकाम करत असे, त्याने ससे पाळले. कूपर बरा झाला का, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. त्याला देवाने टाकले होते का, याचे मात्र येते. नाही. न्यूटनच्या घराचे दार उघडे होते.

मला बरे वाटले ते हळूहळू. एका प्रभुभोजनाच्या रविवारी वेदीपुढे गुडघे टेकले तेव्हा मनात काहीच नव्हते, भक्ती नाही, पश्चात्ताप नाही. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा हातावर ठेवला आणि मी खाल्ला. त्या दिवशी मला कळले की मला काही वाटो न वाटो, तो दिला जातच असतो. माझ्या मनाच्या जोरावर तो कधीच मिळत नव्हता. यानंतर बऱ्याच महिन्यांनी गाताना माझा आवाज मलाच ऐकू आला, बसका, दुसऱ्या कडव्यापासून. सिस्टर शेजारीच होत्या. त्यांनी वळून पाहिले नाही, फक्त स्वतःचा सूर थोडा चढवला. ख्रिस्ताने मला बरे केले, असे मी म्हणते आणि ते शब्दशः म्हणते. त्याने वापरलेले हात मला ठाऊक आहेत: तेलकट बोटे, डॉक्टरांचे कागद, भाकरीचा डबा.

त्या झुडपाखालून उठून होरेब डोंगरावर पोहोचलेला एलीया देवापुढे गाऱ्हाणे मांडतो, देवाचे बोलणे होते, आणि एलीया तेच गाऱ्हाणे पुन्हा अक्षरशः तसेच मांडतो. मन आजारी असले की असेच होते, तीच तबकडी पुन्हा पुन्हा वाजत राहते. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. मग त्याला काम देतो, आणि कामाबरोबर माणूस देतो, अलीशा. मीच एकटा उरलो, हे गाऱ्हाणे तेवढे देव दुरुस्त करतो: आणखी सात हजार आहेत.

आमच्या चर्चमध्ये आशीर्वादाआधी प्रार्थनेच्या विनंत्या विचारतात. साखर, गुडघे, मूतखडा, मुलाची परीक्षा, सुनेचे बाळंतपण. गेल्या रविवारी मी उभी राहिले आणि म्हटले, मला डिप्रेशन आहे, सध्या बरी आहे, गोळी चालू आहे, ज्यांना हे आहे त्या सगळ्यांसाठी प्रार्थना करा. क्षणभर कुणी हलले नाही. मग पाळकसाहेबांनी ते इतर विनंत्यांसारखेच वहीत उतरवून घेतले आणि प्रार्थनेत घेतले. बाहेर पडताना पायऱ्यांवर एसटीतून निवृत्त झालेले एक काका थांबले, पदर चाचपत एक तरुण आई थांबली, आणि पुण्याच्या नोकरीवरून घरी परत आलेला एक मुलगा सगळे गेल्यावर सायकलीपाशी आला. काका वर्षानुवर्षे औषध घेताहेत, घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. त्या मुलाने अजून कुणालाच दाखवलेले नाही. त्याच्या आईला मी कळवून ठेवले आहे, आणि मंगळवारी त्याच्याबरोबर मी जाणार आहे. डॉक्टरांकडे गर्दी असते, नऊच्या आत नंबर लावावा लागतो.