आबूची हिरवी मुनिया

देलवाड्याच्या विमलवसहीत (इ. स. १०३१) आणि लूणवसहीत (इ. स. १२३०) छतावरचे कोरीव काम पाहून मान अवघडलेले यात्रेकरू पुढे अचलगड, गुरुशिखराकडे निघतात. वाटेत ओरिया गाव लागते. गाड्या तेथे सहसा थांबत नाहीत. पण बांधालगतच्या गवतात आणि घाणेरीच्या झुडपांत सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर बोटभर लांबीच्या पक्ष्यांचा थवा बिया टिपताना दिसतो. पाठ हिरवी, पोट पिवळे, कुशीवर काळे-पांढरे पट्टे आणि चोच लालभडक. ही हिरवी मुनिया. तिच्या शास्त्रीय नावातील ‘फॉर्मोसा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच सुंदर.

तिची बहीण लाल मुनिया महाराष्ट्रातही पाणथळ गवतात आढळते. नर पावसाळ्यात, विणीच्या काळात, पांढरे ठिपके असलेला लाल पोशाख चढवतो; एरवी तो मातकट दिसतो. दोघींच्या कुळाचे ‘अमांडावा’ हे नाव अहमदाबादवरून पडले, कारण त्या बाजारपेठेतून हे पक्षी पिंजऱ्यांत भरून परदेशी जात. व्यापाराच्या इतिहासात कापसाची नोंद ठळकपणे होते, पाखरांची होत नाही.

या व्यापारातून दोघींचे नशीब मात्र वेगळे निघाले. लाल मुनिया दक्षिण व आग्नेय आशियात दूरवर पसरलेली. पिंजऱ्यांतून सुटलेल्या तिच्या वंशजांनी स्पेनमध्येही घर केले. आययूसीएनच्या यादीत ती ‘चिंता नसलेल्या’ वर्गात आहे. हिरवी मुनिया भारताबाहेर निसर्गतः कोठेच नाही, आणि भारतातही मध्य प्रदेश, राजस्थान अशा मोजक्या भागांत, तीही तुकड्या-तुकड्यांनी. त्या यादीत ती ‘असुरक्षित’ ठरली आहे. भांडवल थोडे असताना उचल चालू राहिली की खाते जसे रिकामे होते, तसे तिचे झाले.

१९९०-९१ पासून भारतीय पक्ष्यांची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे. तरी चोरटा धंदा चालतो. साध्या मुनियांना रंग फासूनही विकले जाते. यात एक गोष्ट जैन घरांना जवळून लागू पडते. पर्वाच्या दिवशी पिंजरा विकत घेऊन पाखरे सोडणाऱ्याचा भाव निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु पारध्याच्या हिशेबी ती फक्त विक्री असते, आणि पुढच्या पर्वाची मागणी. पकडताना आणि कोंबून नेताना मेलेली पाखरे त्या पिंजऱ्यात दिसतच नाहीत. तोच पैसा गवताचा एखादा माळ राखण्यासाठी दिला, तर जाळे टाकण्याची वेळच येत नाही.

ओरियाच्या बांधावर तेवढे गवत अजून आहे. ऊन चढले की थवा बारीक किलबिल करीत घाणेरीत शिरतो आणि दिसेनासा होतो.