पिवळी रेघ

बदलीच्या नोकरीत माणूस पुष्कळ गोष्टींना सरावतो. नवे गाव, नवी भाषा, नवे पाणी आणि आधीच्या अधिकाऱ्याने मागे ठेवलेल्या फायली, या साऱ्यांशी आम्ही आजवर बऱ्यापैकी जुळवून घेतले आहे. परंतु गुवाहाटीस असताना एका नकाशाने आमची जी फजिती केली, तिची आठवण झाली की आमचा अधिकारीपणाचा ताठा अजूनही थोडा उतरतो.

कार्यालयाच्या वसाहतीत नवी जलवाहिनी टाकावयाची होती. जमिनीखाली काय काय पुरलेले आहे हे सांगणारा एकच नकाशा दप्तरी होता. तो १९९७ सालचा, ऑटोकॅडवर काढलेला. संगणकाच्या काळ्या पडद्यावर तो मोठा देखणा दिसे. पांढऱ्या भिंती, आकाशी नळ, हिरव्या हद्दी. जणू दिवाळीची रोषणाईच. कागदावर रंगीत प्रत काढली की मात्र त्याची सारी रया जाई. रेघा फिक्या आणि सगळ्या एकाच जाडीच्या. करड्या रेघा तर ठिपक्याठिपक्यांत विरून गेलेल्या.

आम्ही पडलो अधिकारी. तेव्हा दोष कोठे आहे हे शोधण्यापूर्वी तो कोणाचा आहे याचाच विचार आमच्या मनात आधी आला. प्रथम शाईवर संशय घेतला. नवी कार्ट्रिजे बसविली. मग कागद बदलला. मग प्रिंटरची साफसफाई करवून चाचणीची प्रत काढली. ती निर्दोष निघाली. नकाशा मात्र सुधारेना. अखेर आम्ही तरुण आरेखकाला लेखी जाब विचारला. "नकाशाच जुना आहे, साहेब," एवढेच तो म्हणाला. ते उत्तर आम्हांला उद्धटपणाचे वाटले.

सोमवारी खोदकामास आरंभ व्हावयाचा होता. शनिवारी दुपारी निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी एक जुने आरेखक कार्यालयात आले. सारे त्यांना 'दादा' म्हणत. आमच्या मेजावर पसरलेल्या प्रतीपाशी ते थबकले आणि आसामी वळणाच्या हिंदीत त्यांनी विचारले, "साहेब, यात विजेची केबल कोठे गेली?"

आम्ही चष्मा पुसला. कागद खिडकीशी नेऊन तिरपा धरला. तेव्हा कोठे पांढऱ्या कागदावर एक फिकट पिवळी रेघ दिसली. ती अकरा हजार व्होल्टची केबल होती, आणि आमच्या नव्या चराची आखणी तिला दोन ठिकाणी छेदत होती. सोमवारी तेथे कुदळ चालविणारे मजूर आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आम्ही खुर्चीत बसलो.

दादांनी शांतपणे उलगडा केला. "साहेब, हे रंग म्हणजे रंग नव्हेतच. हे पेनांचे क्रमांक आहेत." त्या काळी पेन प्लॉटर असत. यंत्राच्या हाती निरनिराळ्या जाडीची पेने. पडद्यावरचा रंग केवळ कोणते पेन उचलावयाचे ते सांगे. तांबडा म्हणजे ०.१८ मिलिमीटर, हिरवा ०.२५, पिवळा ०.३५, पांढरा ०.५, शाई सर्वांत काळीच. कोणत्या रंगाला कोणते पेन, हे कोष्टक नकाशाहून वेगळे ठेवलेले असे. नकाशा संगणकातून संगणकात फिरत आमच्यापर्यंत पोहोचला. कोष्टक वाटेत कोठे तरी राहिले. मग नव्या यंत्राने आज्ञा अक्षरशः पाळली: पिवळ्याला पिवळे छापले, आणि जाडी सर्वांना सारखीच वाटून दिली. काळ्या पडद्यावर सर्वांत तेजस्वी दिसणारी रेघ पांढऱ्या कागदावर सर्वांआधी मावळली.

उपाय तासाभराचा होता. ऑटोकॅडच्या २००० आवृत्तीपासून रंगांनुसार छपाई ठरविणाऱ्या कोष्टकाची सीटीबी नावाची फाइल असते. दादांनी आपल्या जुन्या डायरीतून जाड्या सांगितल्या; तरुण आरेखकाने त्या एकेका रंगापुढे भरल्या. पिवळा, आकाशी, करडा हे सारे रंग छापताना काळे व्हावेत असे ठरविले. रंगछटा ठिपक्यांनी साधण्याची सोय बंद केली. कारण बारीक रेघ तिच्यामुळेच तुटते. पुढची प्रत निघाली ती कोरीव. केबल ठसठशीत उमटली होती. सोमवारी कुदळीऐवजी प्रथम वीजप्रवाह बंद झाला, मग त्या दोन जागी बेताने हातांनी माती काढली. विटांच्या थराखाली केबल होती, नकाशात होती तेथेच.

त्या रात्री आम्हांला बराच वेळ झोप आली नाही. तुम्हा-आम्हा परप्रांती राहणाऱ्यांचे थोडे असेच होत असावे. आमच्या आईचे 'असू दे' कधी समाधानाचे असे, कधी संतापाचे, कधी निरोपाचे. आमच्या मुलांच्या कानी शब्द पडतो तो तोच. परंतु रेघा साऱ्या एकाच जाडीच्या उमटतात. चूक मुलांची नव्हे. घर हलविताना आम्ही नकाशा तेवढा बरोबर घेतला, कोष्टक बांधावयाचे विसरलो. आणि मुलांना समजत नाही म्हणून आम्हीच त्यांच्यावर रागावतो, जसे त्या आरेखकावर रागावलो.

दुसऱ्या दिवशी दोन कामे केली. त्या नकाशाच्या कोपऱ्यात रंगांचे व जाड्यांचे कोष्टक कायमचे लिहून घेतले, म्हणजे आमच्यानंतर येणाऱ्याला दादांची वाट पाहावी लागू नये. आणि त्या तरुणाला दिलेला मेमो परत घेतला; जाब लेखी विचारला होता म्हणून दिलगिरीही लेखीच दिली. त्याने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "असू द्या, साहेब."

त्याच्या हिंदीतही त्या शब्दांची जाडी आम्हांला नेमकी कळली.