फॉन्ट टाका, मग दिसेल

एके काळी मराठी वेबसाइटच्या पहिल्या पानावर एक ओळ हमखास असायची: मजकूर दिसत नसेल तर फॉन्ट डाउनलोड करा. ओळ अर्थातच इंग्रजीत. फॉन्टच नसेल तर मराठीत सांगून उपयोग काय! शिवाजी फॉन्टमधला मजकूर संगणकाच्या लेखी रोमनच असे, वर नुसता देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो गळून पडे आणि 'नंदुरबार'च्या जागी अक्षरांचा काला दिसे.

१ जुलै १९९८ला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, नवी लेटरहेडं. डीटीपीच्या दुकानातली आम्ही पोरं त्याच ओघात वेबसाइटी करू लागलो. टेबलात टेबल घालून पान रचायचं, रिकामी जागा धरून ठेवायला एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ठेवायचं. इंटरनेट लावलं की दुकानाचा फोन एंगेज.

पहिलं मोठं गिऱ्हाईक मिरचीचे एक व्यापारी काका. त्यांच्या पथारीवर लाल मिरची वाळत पसरलेली. वेबसाइटवर काय काय टाकायचं हे तिथेच, ठसके देत ठरलं. काकांना 'काहीतरी हलणारं' हवं होतं. मग फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये वरून मिरच्या पडत, ढीग होई, ढिगातून पेढीचं नाव वर येई. पान उघडेपर्यंत चहा पिऊन होत असे, पण काका येईल त्याला ओढत आणून दाखवायचे. फोन नंबर आतल्या पानावर, साध्या अक्षरांत.

२००७मध्ये आयफोन आला तो फ्लॅशशिवायच. ३१ डिसेंबर २०२०ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि उरल्यासुरल्या मिरच्याही पडायच्या थांबल्या. फोन नंबरचं पान आजही उघडतं. ज्यावर सगळ्यात कमी कारागिरी केली तेच टिकलं, हे मानायला अजून जरा जड जातं.

फॉन्टच्या भानगडीवर उपाय तसा होता: युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१पासून जागा होती. विंडोज २०००बरोबर मंगल फॉन्टही आला. पण विंडोज एक्सपीवर देवनागरीची सोय चालू करायला विंडोजची सीडी लागे, आणि ती कुणाकडेच सापडत नसे. गिऱ्हाइकाला वेबसाइट दाखवायला निघालो की सीडी पिशवीत.

मे २०१०मध्ये ईथन मार्कॉट यांनी एकच पान लहानमोठ्या सगळ्या पडद्यांवर बसवायची रीत मांडली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आमच्या जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. दिल्लीहून पाहुणे आले, कॅमेरे आले. जिल्ह्यातल्याच धडगावकडे मात्र रेंजसाठी टेकडी चढण्याचं काही सुटलं नाही. मार्कॉट यांची रीत आमच्या कामी खरी आली ती २०१६मध्ये जिओ आल्यावर. अनेकांनी इंटरनेट पहिल्यांदा पाहिलं ते मोबाइलवरच. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा आता व्हॉट्सॲपच्या व्हिडिओत धावून दाखवतो. त्याच्या मालकाला वेबसाइट कशाला हवी? हल्ली तर एआयला सांगितलं की पानही तयार होतं, आणि खोटं कशाला बोलू, बरं दिसतं.

आमच्याकडे उरलंय ते जुनं निस्तरणं. संस्थांच्या स्मरणिका, अध्यक्षांची मनोगतं, सगळं शिवाजीत अडकलेलं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होई. युनिकोडला ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर लागते. म्हणजे 'मिरची'तली वेलांटी 'म'च्या आधीची उचलून नंतर ठेवायची. रफाराचं नेमकं उलटं, नंतरचा आधी. कन्व्हर्टर बरंचसं करतो, बाकीचं ओळ न् ओळ वाचूनच.

परवा एका संस्थेचे सचिव शेजारी बसून हे बघत होते. म्हणाले, "भाऊ, अक्षरं तीच, मजकूर तोच. मग बिल कशाचं?"

मी बिलावर 'वेलांटी व रफार दुरुस्ती' असं लिहिलं. त्यांनी घासाघीस केली, पण दिलं.